लाल अक्षरांतलं नाव

साखर कारखान्याच्या यार्डात ऊस घेऊन आलेल्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. आपला नंबर लागायला किती वेळ जाणार ही एक, आणि नंबर लागेल तेव्हा नेमका आपला डोळा लागलेला असणार ही दुसरी. पहिलीवर रामलिंगकडे इलाज नव्हता. दुसरीवर मात्र त्याचा आवाज हाच इलाज होता, आणि तो वीसेक हंगाम चांगला लागू पडला.

ढोकीहून कळंबकडे जाताना आत वळल्यावर एक खासगी कारखाना लागतो. तिथल्या वजनकाट्याशेजारी रामलिंगची पत्र्याची केबिन. समोर काच, टेबलावर माइक, छतावर दोन भोंगे. काम म्हणाल तर अगदी साधं. ज्या गाडीची पाळी आली तिचा नंबर दोनदा पुकारायचा आणि गप्प बसायचं. पण गप्प बसणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. "एकशे बारा! आवं एकशे बारा, उठा की, उसाचं सरपण व्हायलंय!" अशी त्याची सुरुवात असायची. मग, "त्या निळ्या ट्रॅक्टरखाली कोण घोरायलंय? तुमच्या घोरण्यानं काटा हलाया लागलाय!" सगळं यार्ड हसायचं, आणि त्या हसण्यानं ज्याला उठायचं तो उठायचा. रामलिंग दिसायला किडकिडीत होता. नवीन माणूस केबिनीत डोकावला की त्याला वाटायचं, हा कुणीतरी दुसराच, त्या आवाजाचा धनी चहाला गेला असणार.

यार्डात एकच गाडी अशी होती, जिचा नंबर रामलिंग कधी पुकारत नसे. ती धुळाप्पाची. धुळाप्पाच्या घरी वाडवडिलांपासून मेंढरं. ती विकून त्यानं ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेतल्या, आणि पहिल्याच हंगामात भलत्याच रांगेत गाडी लावून बसला. रामलिंगनं भोंग्यावरून झापलं तेव्हा तो तिथूनच ओरडला, "म्या पाव्हणा हाय हितं, मला काय ठावं!" झालं. तेव्हापासून तो पाव्हणा झाला तो झालाच. "पाव्हणं, चला," एवढंच भोंग्यातून यायचं, आणि यार्डाच्या कुठल्यातरी टोकाकडून दोनदा हॉर्न वाजायचा. ऊस उतरवून झाला की धुळाप्पा केबिनीत. कपाळभर भंडाऱ्याची पिवळी हळद, अंगाला पाचटाचा वास. थर्मासमधला चहा दोघांत संपायचा आणि त्याबरोबर गावातल्या झाडून सगळ्या माणसांची निंदाही आटपायची.

रामलिंगची बायको अयोध्या एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापानं गेली. लेक मोनिका लग्न होऊन पुण्याला. कारखान्याच्या कॉलनीतली खोली एकदम मोठी झाली. त्या दिवसांत धुळाप्पा रोज संध्याकाळी येऊन बसायचा. रडू नको असं तो एकदाही म्हणाला नाही. आपल्या घरची म्हैस कशी लबाड आहे, एवढंच सांगत राहिला, आणि रामलिंगला तेवढंच सोसत होतं.

शिवाय येळवस होती. वेळ अमावस्येला धाराशिवकडे येळवस म्हणतात, आणि त्या दिवशी इकडे कुणी घरात जेवत नाही. ज्याचं रान आहे तो रानात कडब्याच्या कोपीपुढं पंगत मांडतो, ज्याचं नाही त्याला शेजारपाजारचे ओढून नेतात. कारखाना मात्र त्या दिवशीही चालूच. रामलिंगला ना रान, ना रजा. म्हणून धुळाप्पा दरसाल आपल्या रानातून पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलीचा डबा घेऊन केबिनीत यायचा. अयोध्या गेल्यावर रामलिंगच्या वर्षात सण म्हणावा असा तेवढा एकच दिवस उरला होता.

मग घसा बसला. ओरडून बसला असेल म्हणत त्यानं बरेच दिवस खडीसाखर चघळली. त्याआधी जन्मभर जी तंबाखू चघळली, तिचं नाव मात्र त्यानं काढलं नाही. अयोध्यानं ती पुडी कितीदा चुलीत टाकली होती! सोलापूरच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली आणि श्वासासाठी गळ्याच्या खालच्या अंगाला एक भोक ठेवलं. धुळाप्पा दवाखान्यात आला. त्यानं चिमूटभर भंडारा रामलिंगच्या कपाळाला लावला आणि सवयीनं म्हणाला, "बोल की." रामलिंगनं ओठ हलवले. गळ्यातून नुसती हवा फुसफुसली. धुळाप्पानं टॉवेलात तोंड घातलं आणि तसाच जिना उतरून गेला. त्यानंतर तो भेटायला आला नाही.

कारखान्याच्या साहेबांनी माणुसकी सोडली नाही. माइकवर त्यांनी दोघातिघांना बसवून पाहिलं, पण एकजण नंबर तोंडातल्या तोंडात गिळायचा आणि दुसऱ्याला माइक बघूनच घाम फुटायचा. शेवटी मीटिंगच्या खोलीतला मोठा टीव्ही काढून त्यांनी केबिनीच्या छतावर यार्डाकडे तोंड करून लावला, वर पत्र्याचं छप्पर ठोकलं, आणि रामलिंगपुढं एक कॉम्प्युटर ठेवला. आता नंबर बोलायचे नाहीत, दाखवायचे.

शिकवायचं काम आलं करिश्माकडे. ती काट्यावरच्या कॉम्प्युटरवर बसायची. कळंबच्या क्लासात शिकलेली, नुकतं लग्न ठरलेली, सदा घाईत. बोलायची मात्र समजावून.

"काका, लई सोपं हाय. आधी रंग उघडायचा. मग लिवायचं काय ते लिवायचं. मग रंग बंद करायचा. गोठ्याच्या दारावानी बघा. उघडं राहिलं तर जनावरं गावभर."

रंग उघडायचा म्हणजे दोन टोकदार कंसांत त्याचं इंग्रजी नाव लिहायचं. बंद करायचा म्हणजे तसेच कंस, पण आत एक तिरपी रेघ. मध्ये जे लिहाल ते त्या रंगाचं होणार. फाइल जतन केली की जरा वेळानं छतावरच्या पडद्यावर तेच उमटायचं. रामलिंगला मोबाइलवर मराठी लिहायची सवय होती, त्यामुळे अक्षरांचं अडलं नाही. रेड, ग्रीन, ब्लू ही स्पेलिंगंही त्यानं शाळकरी पोरासारखी पाठ केली. ती तिरपी रेघ मात्र तो हटकून विसरायचा, आणि करिश्मा काट्याच्या खिडकीतून ओरडायची, "काका, दार लावा!"

छतावरची वायर जोडायच्या आधीची गोष्ट. करिश्मा जेवायला गेली होती. रामलिंगनं पहिल्यांदा एकट्यानं लिहिलं. हिरवा उघडला, "अयोध्या" लिहिलं, हिरवा बंद केला. बांगड्यांचा हिरवा नव्हता तो, जरा भडकच होता. पण ते नाव समोर उमटलं तेव्हा त्याला वाटलं, किती महिन्यांनी आपण कुणाला हाक मारली. करिश्मा परत यायच्या आत त्यानं ते पुसून टाकलं.

हंगाम सुरू झाला. हिरवा आकडा म्हणजे काट्यावर या, लाल म्हणजे थांबा, निळा म्हणजे ऊस उतरवून रिकाम्या गाडीच्या वजनाला या. यार्डानं हे लगेच उचललं. भांडणं कमी झाली, साहेब खूश झाले, करिश्माला शाबासकी मिळाली. सगळं कसं बिनबोभाट चाललं. रामलिंगला नेमका तो बिनबोभाटपणाच खायला उठला. भोंगा होता तेव्हा अख्खं यार्ड त्याच्याकडे कान लावून असायचं. आता माणसं मान वर करून पडदा बघायची आणि गाडीला किल्ली मारायची. पडद्याखाली काचेआड एक माणूस बसला आहे, हे बघायचं कुणाला कारणच राहिलं नव्हतं. त्यालाही बाहेर पडायची चोरी. यार्डातली धूळ गळ्याच्या भोकातून सरळ फुप्फुसात जायची, म्हणून डॉक्टरांनी ताकीद दिलेली. दार लावून, गळ्याला फडकं बांधून तो दिवसभर बसायचा. संध्याकाळी मोनिकाचा फोन यायचा. ती बोलायची, हा फोनवर नखानं वाजवायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. "जेवलात का, पप्पा?" टक. "बरंय ना सगळं?" टक. दोनदा वाजवायची वेळ त्यानं कधी येऊ दिली नाही.

एक दिवस त्यानं नंबरांच्या खाली एक बारीक ओळ टाकली. "पाव्हणं, चहा निवायलाय." निळ्या रंगात. यार्डात पोरांनी ती वाचली, एकमेकांना दाखवली, हसली. दोघांनी केबिनीकडे बघून हातही हलवला. धुळाप्पाचा ट्रॅक्टर काट्यावर आला, वजन झालं, पुढं गेला. हॉर्न वाजला नाही.

रामलिंगनं मनाची समजूत घातली की निळं अक्षर उन्हात दिसत नसेल. दुसऱ्या दिवशी हिरव्यात लिहिलं, "पाव्हणं, म्हैस काय म्हणते?" मग एकदा, "पाव्हणं, राग आलाय का?" रोज एक ओळ, रोज "पाव्हणं". धुळाप्पा काट्यावर आला की केबिनीकडे बघायचा, मान हलवायचा, आणि निघून जायचा. काचेतून त्याच्या कपाळावरचा भंडारा स्पष्ट दिसायचा. एवढ्या जवळून जाणारा माणूस आणि दोन पावलं आत येऊ नये! रामलिंगला वाईट वाटायचं, मग राग यायचा, मग पुन्हा वाईट वाटायचं. आवाज होता तोवर आपण होतो, दोस्ती त्या भोंग्याशी होती, असं त्याच्या मनानं घेतलं. एकट्या माणसाच्या मनानं एकदा काही घेतलं की ते काढायला दुसरं माणूस लागतं, आणि तेच तर नव्हतं.

येळवस जवळ आली तशी त्यानं ओळ टाकली, "पाव्हणं, यंदा येळवशीला वाट बघतो." ती त्यानं आठवडाभर काढलीच नाही.

येळवशीच्या दिवशी यार्ड निम्मं रिकामं होतं. रामलिंगनं केबिन झाडली, थर्मास भरून ठेवला, दोन वाट्या धुऊन पालथ्या घातल्या. दुपार झाली, दुपार टळली. वाऱ्यावर कुठल्या कुठल्या रानातला चुलीचा वास आला. अंधार पडल्यावर तो खोलीवर गेला, सकाळची खिचडी भांड्यातच गरम केली आणि उभ्यानं खाल्ली. मोनिकाचा फोन आला. "पप्पा, आज पाहुणेकाका आले असतील ना डबा घेऊन?" रामलिंगनं नख उचललं. बराच वेळ ते तसंच राहिलं. मग त्यानं एकदाच वाजवलं.

सकाळी तो केबिनीत आला तो पेटलेलाच. खालची ओळ पुसली. लाल रंग उघडला, अक्षर चांगलं मोठं केलं, आणि ओळ खाली न टाकता सगळ्यात वर टाकली, सगळ्या यार्डाला दिसावी अशी. रागात माणसाला लाडाचं नाव आठवत नाही. "पाव्हणं" गेलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं खरं नाव लिहिलं.

"धुळाप्पा, आजपासनं तू मला मेलास."

जतन केलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला.

थोड्या वेळानं यार्ड शांत झालं. एकेक इंजिन बंद होत गेलं. रामलिंगला वाटलं, वाचतायत. वाचू द्या. पण शांतता फारच लांबली, काट्यावर गाडी येईना, तेव्हा त्यानं वळून टेबलावरचा पडदा पाहिला. वरपासून खालपर्यंत सगळं लाल. त्याची ती तिरपी रेघ राहिली होती. लाल बंदच झाला नव्हता, आणि त्याच्या पोटात खालचे सगळे नंबर गेले होते. यार्डातल्या प्रत्येक गाडीला त्यानं थांबा सांगितलं होतं.

तो कीबोर्डाकडे झेपावला, तेवढ्यात दार उघडलं. आधी एक डबा आत आला, मग कपाळावरचा भंडारा, मग धुळाप्पा. अंगावरची धूळ बाहेरच झटकून आला होता, आणि तोंडभर हसत होता.

"लिवलंस न्हवं माझं नाव!" तो दारातूनच म्हणाला. "म्या वळखलं बघ. धुच्या बुडाला शेपूट, मग ळा, मग प्पा. सहीपुरतं तेवढंच शिकलोय, पर तेवढं कुठं बी वळखीन. आन लाल अक्षरात! लग्नाच्या पत्रिकेवानी! आमच्या पोराच्या पत्रिकेत आसंच छापलं व्हतं. आकडा लाल म्हंजी थांबा, त्ये मला कळतंय. पर नाव लाल म्हंजी कायतरी चांगलंच आसणार. काय लिवलंय रं? वाच की."

बोलून गेला आणि कुणाला वाचायला सांगतोय हे त्याच्या ध्यानात आलं. तो ओशाळला. डबा टेबलावर ठेवून खाली बघत म्हणाला, "तुला बोलाया येत न्हाय, मला वाचाया येत न्हाय. काय जोडी जमली बघ आपली."

वीस वर्षं त्यांचं सगळं बोलण्यात गेलं होतं. धुळाप्पा नंबर ओळखायचा, नोटा ओळखायचा, पावतीवर झोकात सही ठोकायचा. ह्याला अक्षर येतं का, असं विचारायची वेळच कधी आली नव्हती. आणि रामलिंग दोन महिने त्याला चहाला बोलावत होता, म्हशीची खबर विचारत होता, येळवशीची वाट बघतो म्हणत होता, ते सगळं यार्डातल्या पोरांनी वाचलं होतं. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला सोडून.

करिश्मा धापा टाकत आत आली. "काका, समदं लाल झालंय! दार लावा, दार!"

"पोरी, बरी आलीस," धुळाप्पा म्हणाला. "ह्यानं माझ्या नावाफुडं काय लिवलंय, तेवढं वाचून दाव."

करिश्मानं टेबलावरचा पडदा पाहिला. मग रामलिंगकडे पाहिलं. त्याचे हात मांडीवर पडले होते आणि तोंड उघडं होतं. ती अडखळली नाही. सरळ वाचावं तसं वाचलं.

"धुळाप्पा, काल तुझी लई वाट बघितली."

त्यातलं नाव सोडलं तर एक अक्षर पडद्यावर नव्हतं. तरी रामलिंगच्या मनात जे होतं ते तेवढंच होतं. त्यानं मान खाली घातली, ती ओळ पुसली आणि लाल बंद केला. नंबर आपापल्या रंगावर आले. बाहेर इंजिनं सुरू झाली.

"बघणारच की वाट," धुळाप्पा स्टूल ओढून बसला. "म्या बी काल डबा घिऊन काट्यापतोर आलतो. हितं ह्या लावलेल्या दाराभाईर थांबलो. तुझ्या गळ्याला भोक पाडलंय, नळीनं दूध घालत्यात, आसं कोनकोन सांगतंय. म्हणलं, ज्याला गिळाया येत न्हाय त्याच्याम्होरं भज्जीचा वास कशाला न्यायचा? जिवाला तरासच न्हवं का? तसाच माघारी गेलो. आन तुला इचारू कसा? तू लिवून सांगणार. त्ये वाचाया कुणाला तरी म्हणावं, तर समद्या यार्डाला कळणार का पाव्हण्याला अक्षर येत न्हाय. सोयऱ्याधायऱ्यांत आजवर कुणाला कळू दिलं न्हाय म्या. तू खाली रोज कायतरी लिवतूस, पोरं हसत्यात. मला वाटायचं, नवीन इनोद आसंल. न हसणारा म्या एकलाच."

रामलिंगनं डबा पुढं ओढला. झाकण काढलं. भज्जी कालची, आंबील चांगलीच आंबलेली. त्यानं उंडा कुस्करला, घास केला आणि तोंडात घातला. धुळाप्पा त्याच्या गळ्याकडे बघत होता. फडक्याच्या वर कंठ हलला, घास खाली उतरला.

"गिळतंय!" धुळाप्पा ओरडला. "अगं पोरी, गिळतंय की ह्याला! आन म्या येडा काल डबा माघारी नेला!" आणि तो एवढा मोठा माणूस स्टुलावर बसून टॉवेलात तोंड घालून रडू लागला. रामलिंग खात राहिला. त्याच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, पण खाणं थांबवलं तर ह्याला पुन्हा शंका येईल म्हणून तो घासामागून घास घेत राहिला.

चहा झाला. धुळाप्पानं म्हशीचं सांगितलं, नातवाचं सांगितलं, गावातल्या दोघातिघांना शिव्या घातल्या. मधूनच तो थांबायचा, जुन्या सवयीनं. आता रामलिंगनं काहीतरी म्हणायचं असायचं. तिथं केबिनीत नुसती शांतता पडायची, आणि धुळाप्पा घाईनं पुढचं सुरू करायचा. रामलिंगला एकच गोष्ट सांगायची होती. आपण काय लिहिलं होतं ते, आणि आपण चुकलो हे. बोलायची सोय नव्हती. लिहून उपयोग नव्हता. माफी मागायची म्हटली तरी मध्ये तिसरं माणूस लागणार होतं.

"चल, माझा नंबर जवळ आला आसंल," म्हणून धुळाप्पा उठला. डबा तिथंच ठेवला. "हिकडं असू दे. धू आन ठिव."

रामलिंगनं त्याला काचेतून जाताना पाहिलं. गाड्यांच्या रांगेतून तो चालला होता. वाटेत एका तरण्या ड्रायव्हरनं त्याला अडवलं, पडद्याकडे बोट करून काहीतरी म्हणाला. धुळाप्पानं मान पुढं करून ऐकलं. ड्रायव्हर पुन्हा बोलला, आता हसून. काय सांगितलं, हे रामलिंगला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळ्या यार्डानं ती ओळ वाचली होती. धुळाप्पा वळला. केबिनीकडे तोंड करून तो उभा राहिला. एवढ्या लांबून त्याचं तोंड दिसत नव्हतं, कपाळावरचा पिवळा तेवढा दिसत होता. मग तो पाठ फिरवून आपल्या ट्रॅक्टरकडे गेला.

भोंगा असता तर रामलिंगनं अख्ख्या यार्डासमोर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती. त्यानं खिडकीची काच वाजवून करिश्माला बोलावलं, टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून कपाळावर आडवी रेघ ओढून दाखवली. तिला आधी कळेना. मग कळलं. "पिवळा व्हय?" तिनं स्पेलिंग सांगितलं. हा रंग त्यांनी कशालाच वापरला नव्हता.

त्यानं सगळे नंबर बाजूला काढले. एकही अक्षर ठेवलं नाही. पिवळा उघडला, मध्ये नुसत्या भरीव चौकोनांच्या ओळीच ओळी टाकून सगळा पडदा भरला, आणि या वेळी तिरपी रेघ घालून नीट बंद केला.

छतावरचा पडदा भंडारा उधळावा तसा पिवळा झाला. यार्डातल्या माना वर झाल्या. "काका, नंबर कुठं गेलं?" कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "बिघडलं वाटतं." मागच्या गाड्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. करिश्मा खिडकीत उभी होती. रामलिंग काचेला नाक लावून त्या टोकाच्या ट्रॅक्टरकडे बघत होता. ट्रॅक्टर जागचा हलत नव्हता. साहेबांचा फोन वाजायला लागला. त्यानं तो उचलला नाही, उचलून करणार काय होता!

मग त्या टोकाकडून दोनदा हॉर्न वाजला.

रामलिंगचा हात माइककडे गेला. माइक काढून नेल्याला वर्ष होत आलं होतं. बोटं नुसती टेबलावर टेकली. त्यानं पिवळा काढला, नंबर परत आणले, धुळाप्पाचा आकडा हिरवा केला. आणि फोन वाजत असताना, मागच्या गाड्या बोंबलत असताना, नंबर बाजूला सारून पडदा पुन्हा एकदा पिवळा केला.

पुन्हा दोनदा हॉर्न वाजला.